थोरला काय म्हणतो

"ही बघा, पुन्हा वाजली," न्हाणीघराच्या दारात उभी राहून बायको म्हणाली. "बादलीशेजारची फरशी. पाय पडला की डुगडुगते. एक दिवस आपटेन तेव्हा कळेल तुम्हाला."

टकटके उकिडवे बसले. कामावर न्यायची हातोडी पिशवीतून काढून त्यांनी फरशीवर तीन ठोके दिले, मान जराशी तिरकी केली आणि डोळे बारीक करून भिंतीकडे पाहिलं.

"ठणठणीत आहे," ते म्हणाले.

विषय इथेच मिटायला हवा होता. ज्या माणसाला एकतीस वर्षं ह्याच एका शब्दाचा पगार मिळाला, त्याच्या घरात फरशीवरून वाद कशाला? डोंगर फोडून काढलेल्या रस्त्याच्या कडेला जो उभा कडा होता, त्यातले दोनशे चौदा धोंडे टकटक्यांच्या ताब्यात होते. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. वर्षातून दोनदा कमरेला दोर बांधून वरून उतरायचं, एकेका धोंड्याला हातोडीने वाजवायचं आणि आवाजावरून सांगायचं, हा जागेवर पक्का आहे की मागून सुटलाय. पक्का दगड 'ठण्ण' करतो, सुटलेला 'बद्द'. खात्याच्या कागदांवर त्यांचं नाव काही निराळं होतं, पण ते पगाराच्या दिवशी कोणाच्या तरी तोंडी यायचं. एरवी साहेबापासून शिपायापर्यंत सगळे टकटकेच म्हणत. खोड अशी जडली होती की बाजारात गेले की मडकी वाजवत, कलिंगडं वाजवत, दुसऱ्याच्या घरी चहाला बसले तरी पाठीमागची भिंत वाजवत. मुलगी गणितात नापास झाली तेव्हा तिच्या डोक्यावर टिचकी मारून त्यांनी "पोकळ" असा निकाल दिला होता. जावई पहिल्यांदा घरी यायचा होता, तेव्हा बायकोने आदल्या दिवशीच बजावलं होतं, पाहुण्यांना वाजवायचं नाही.

"नीट ऐका," बायको म्हणाली. तिने तांब्या उचलला, आधी शेजारच्या फरशीवर वाजवला, मग ह्या फरशीवर.

"ऐकलं की. दोन्ही सारख्याच."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली, उलथनं घेऊन आली, फरशीच्या फटीत घालून तिने जरा जोर दिला, आणि फरशी झाकणासारखी वर आली. खाली काही नव्हतं. वाळू कधीच वाहून गेली होती. हात मनगटापर्यंत जाईल एवढा खड्डा, आणि त्यात भाड्याने राहत असल्यासारखं एक झुरळ.

ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. बोललं की भांडता येतं. पण ती नुसती उलथनं हातात धरून उभी राहिली, आणि टकटक्यांच्या कानांकडे बघत राहिली. आधी डाव्या, मग उजव्या.

"संध्याकाळी सिमेंट आणतो," असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि चप्पल नीट पायात न घालताच घर सोडलं.

कड्याच्या माथ्यावर पोचेपर्यंत त्यांच्या जिवाला थारा नव्हता. दोरवाला आधीच येऊन बसला होता. बावीस वर्षं टकटक्यांचा दोर ह्याच माणसाच्या हातात. लग्नात हात बायकोने धरला, पण जीव धरून ठेवला तो ह्याने, असं टकटके चारचौघांत म्हणत, आणि बायकोला ते मुळीच आवडत नसे.

"आज उशीर, मुकादम? वहिनींनी धरून ठेवलं होतं की काय?"

"फरशी सुटलीय न्हाणीघरातली."

"तुझ्या घरात?" दोरवाला खो खो हसला. "म्हणजे दिव्याखाली अंधार म्हण की."

टकटके हसले नाहीत. दोर कमरेला आवळून ते खाली उतरले.

लोकांना वाटतं, दगड म्हणजे कायमचा. टकटक्यांना तसं वाटणं पहिल्या वर्षातच बंद झालं होतं. दिवसभर ऊन खाऊन दगडाची कातडी फुगते, रात्रीच्या गारठ्यात आकसते; असं हजारदा झालं की ती कांद्याच्या सालीसारखी सुटायला लागते. मग त्या फटीत पाणी शिरतं. ते आत जाऊन दगडाला गंज चढवतं, निळाकाळा दगड आधी तांबूस होतो, मग पिवळा, आणि शेवटी माती. तेवढ्यात कुठलं तरी बी वाऱ्याने येऊन त्या मातीत पडतं, आणि त्याचं केसाएवढं मूळ बघता बघता मनगटाएवढं होऊन पाचरीसारखं दगडाला रेटू लागतं. हे सगळं आतल्या आत. बाहेरून दगड काळा कुळकुळीत, नंबरासकट. पडायला त्याला एक क्षण पुरतो, पण पडायची तयारी तो वर्षानुवर्षं करत असतो, आणि त्या तयारीचा पत्ता फक्त आवाजातून लागतो.

टकटक्यांच्या कानांचंही तसंच झालं होतं. एकतीस वर्षं हातोडी, त्याआधी चार वर्षं सुरुंगाच्या टोळीत. एका दिवसात काही गेलं नाही. आधी सायकलची घंटी गेली. मग ताटावर पडलेल्या चमच्याचा आवाज गेला. मग शेजारच्या खोलीतला फोन. समोरचा माणूस बोललेलं कळायचं, ट्रकचा हॉर्न कळायचा. जगातला 'ठण्ण' तेवढा निघून गेला. आता काहीही वाजवा, बद्दच.

दोन वर्षांपूर्वी हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा ते दोरावर लोंबकळत होते. दहा धोंडे वाजवले, दहाही बद्द. एका कड्यावरचे सगळेच्या सगळे धोंडे काही सहा महिन्यांत सुटत नाहीत, एवढी अक्कल त्यांना होती. मग त्यांनी काय केलं? मागच्या खेपेची वही उघडली आणि तिच्यातलंच पुन्हा लिहिलं. दगडच तो, एवढ्यात कुठे जातो, असं स्वतःला समजावलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. बघता बघता चार खेपा झाल्या.

"काय म्हणतो?" वरून दोरवाल्याची आरोळी आली.

हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. हातोडी वाजली की दोरवाला विचारायचा, "काय म्हणतो?" आणि टकटके ओरडून सांगायचे, "ठणठणीत!" किंवा "पोकळ!" खात्याच्या वहीत 'भक्कम' असं लिहायचा नियम होता. एका साहेबाने सुरुवातीला 'ठणठणीत' खोडून दाखवलं होतं, पण साहेब बदलून गेला आणि शब्द राहिला.

आत्ता ते सत्तेचाळीस नंबरसमोर होते. मालट्रकच्या तोंडाएवढा धोंडा, कड्यातून पोट काढून बाहेर आलेला. ह्याला ते थोरला म्हणत. नोकरीच्या पहिल्या दिवशी जुन्या मुकादमाने त्यांच्या हातात हातोडी देऊन ह्याच दगडावर पहिला ठोका मारायला लावला होता. असा ठण्ण वाजला होता की दातांपर्यंत आला. तेव्हापासून दरवेळी खाली उतरलं की थोरल्याला एक ठोका जास्त. त्याच्या डावीकडे, जरा वर, कपाटाएवढा एक्कावन्न नंबर होता. तो शेंडेफळ. त्याच्याकडे कोणी फारसं बघत नसे.

आणि थोरल्याच्या बरोब्बर खाली, जिथे एकतीस वर्षं नुसती गटाराची कड होती, तिथे आता बसचा नवा थांबा उभा होता. हिरवं पत्र्याचं छप्पर, चार बाकं. पूर्वी लोक पलीकडे उन्हात उभे राहायचे. आता सावली मिळेल म्हणून थांबा कड्याला खेटून बांधला होता. सोमवारपासून तिथे माणसं बसणार होती.

टकटक्यांनी हातोडी मारली. बद्द. पुन्हा मारली. बद्द. तळहात दगडावर ठेवून मारली, मनगटाला काही कळतं का पाहिलं. मनगटाला एवढंच कळलं की हातोडी जड आहे.

"अरे, बोल की!" ते दगडावर खेकसले.

"काय म्हणतो?" वरून पुन्हा आवाज.

खाली ते हिरवं छप्पर दिसत होतं.

"ठणठणीत!" टकटके ओरडले.

दुपारी इंजिनिअर मॅडम माथ्यावर आल्या. वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, पण कामाला चोख. कडा पहिल्यांदा बघितला तेव्हा कोणी न सांगता दोर बांधून निम्म्यापर्यंत उतरल्या होत्या. टकटक्यांना त्या काका म्हणत.

"काका, उद्या दुपारपर्यंत यादी द्या. वरून सारखे फोन येतायत. थांब्याच्या वरचे वीस नंबर बघितले ना?"

"बघितले."

"मग झालं. यंत्र मागवलं होतं मी, ते यायला तीन महिने लागतील म्हणतात. म्हटलं, आमच्याकडे टकटके काका आहेत, यंत्राचं काय घेऊन बसलात."

बारा वर्षांपूर्वी एकशे तेहेतीस नंबर पोकळ आहे म्हणून टकटके रस्त्याच्या मधोमध बसले होते. तेव्हाच्या साहेबाला पटेना. दोन दिवस दोन्ही बाजूंना गाड्या तुंबल्या, ड्रायव्हरांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी एकशे तेहेतीस नंबर आपण होऊन खाली आला, आणि मोकळ्या रस्त्याला गुडघाभर खड्डा पाडून बसला. त्या दिवसापासून टकटक्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कोणी उलटून विचारत नाही. आज कोणी विचारलं असतं, तर त्यांनी त्याचे पाय धरले असते.

संध्याकाळी ते सिमेंट न घेताच घरी गेले. जेवायला बसले, दोन घास खाऊन उठले. खुर्चीवर बसले, उठले. खिडकी लावली, उघडली.

"बसा बघू एका जागी," बायको म्हणाली. "मुंगळा चावल्यासारखं काय करताय?" आणि मग, ताट उचलता उचलता, अगदी साध्या आवाजात, "कधीपासून ऐकू येत नाही?"

"येतं की. तू बोललेलं ऐकू येतंच आहे ना?"

"मी बोललेलं तुम्हाला एकतीस वर्षं ऐकू येत नाही, त्याचं सोडा. दगडाचं विचारतेय."

टकटके खाली बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. दहा बद्द धोंडे, मागच्या वहीतली नक्कल, थोरला, आणि खाली ते हिरवं छप्पर. दोन वर्षांत हे ते स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलले नव्हते. बायको ताट हातात धरून तशीच उभी होती.

"मग सांगून टाका."

"काय सांगू? दोन वर्षं खोटं लिहिलं म्हणून? माझ्यापाशी दुसरं आहे काय? हातोडी कोणीही मारतो. कान होता म्हणून मी होतो."

"आणि दगड पडला तर?"

"पडेल कशाला? थोरला आहे तो. पक्का आहे."

"फरशी पण पक्की होती," बायको म्हणाली.

टकटक्यांनी मान वर केली. "तुझे कान चांगले आहेत. मडकी तूच निवडतेस. उद्या उजाडता उजाडता चल माझ्याबरोबर. रस्त्याला रहदारी नसते. मी वाजवतो, तू ऐक."

"मी? त्या कड्यावर?" तिला तिसऱ्या मजल्यावरून खाली बघितलं तरी गरगरायचं.

"थोरल्यापर्यंत बाजूने पायवाट आहे. दोर लागत नाही. मी धरतो की तुला."

पहाटे तांबडं फुटताना दोघं त्या पायवाटेवर होती. बायकोने एका हाताने त्यांच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली होती आणि डोळे मिटले होते. "खाली बघू नकोस," ते म्हणाले. "डोळेच उघडत नाही मी, बघते कशाला," ती म्हणाली. थोरल्याच्या खांद्याशी आल्यावर टकटक्यांनी तिचा हात दगडावर टेकवला. दगड रात्रभराच्या गारव्याने थंडगार होता.

"हा होय तुमचा थोरला?" तिने एक डोळा उघडला. "माझ्यापेक्षा जास्त ह्याच्याशी बोललात तुम्ही जन्मात."

"ऐक आता. ठण्ण का बद्द, एवढंच सांग."

त्यांनी मारलं. एक, दोन, तीन. मग नेहमीप्रमाणे एक जास्तीचा. बायको मान तिरकी करून ऐकत होती, हुबेहूब त्यांच्यासारखी. तिचं लक्ष दगडाकडून खाली गेलं, त्या चार बाकांकडे, आणि पुन्हा वर आलं.

"काय म्हणतो?" टकटक्यांनी विचारलं. हा प्रश्न विचारायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"बद्द," ती म्हणाली.

"नक्की?"

"आपल्या फरशीसारखा. अगदी तसाच."

टकटके तिथेच दगडाला टेकून बसले. एकतीस वर्षांचा थोरला आतून माती झाला होता आणि त्यांना पत्ताही नव्हता. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. बायको त्यांचं मनगट धरून म्हणाली, "उठा. मला इथून आधी खाली उतरवा, मग काय ते सुतक पाळा."

मॅडमचं ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली. टकटके आत गेले तेव्हा यादी टेबलावर तयार होती, फक्त शेवटचा रकाना रिकामा.

"सत्तेचाळीस पोकळ आहे," ते उभ्याउभ्याच म्हणाले.

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. "थांब्याच्या वरचा? काका, तो तर आपला सगळ्यात..." मग त्यांनी पुढे काही न बोलता फोन उचलला, दोन फोन केले, थांबा बंद ठेवायला सांगितलं, पहारी आणि जॅक घेऊन टोळी बोलावली. पाच मिनिटांत सगळं झालं. एका शब्दावर! टकटक्यांना क्षणभर बरंसुद्धा वाटलं. सांगायचं ते सांगून झालं, थोरल्याचा बंदोबस्त होईल, बाकी झाकली मूठ. ते वळले.

"म्हणजे बाकीचे दोनशे तेरा ठणठणीत," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या, "असंच धरू ना?"

टकटके दारात उभे राहिले. पत्र्याच्या चौकटीवर त्यांचं बोट आपोआप गेलं आणि सवयीने टकटक करून आलं. आवाज आला तो बद्दच.

"धरू नका," ते म्हणाले.

"काय?"

"धरू नका, मॅडम. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मी मागच्या वहीतलं पुढच्या वहीत उतरवतोय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पण दरवर्षी तपासणी होते ना कानाची? त्या खोलीत बसवून?"

"होते. आवाज आला की बटण दाबायचं असतं. समोरच्या काचेत तपासणाऱ्याचा खांदा दिसतो. तो त्याचं बटण दाबताना खांदा हलतो. खांदा हलला की मी दाबायचो."

मॅडमना हसावं की ओरडावं कळलं नसावं. त्या उठल्या, भिंतीवरचा कड्याचा नकाशा काढून टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, "बसा, काका. एक नंबरपासून सुरू करू."

बातमी जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळीकडे झाली. दुपारनंतर जो तो टकटक्यांशी ओरडून बोलायला लागला. चहावाला ओरडला, शिपाई ओरडला, भांडारातला कारकून तर हातवारे करून बोलला. ओरडलेलं त्यांना आधीही ऐकू येत होतं, न ओरडलेलंही येत होतं. पण हे आता कोणाकोणाला समजावत बसणार? फक्त दोरवाला ओरडला नाही. तो बोललाच नाही. संध्याकाळी दोर गुंडाळताना एवढंच म्हणाला, "बावीस वर्षं जीव माझ्या हातात दिलास. आणि कान गेले हे सांगायला तुला माणूस मिळाला नाही?"

टकटक्यांनी दोराचं सुटं टोक उचलून त्याच्या हातात दिलं.

थोरला पडायला तयार होईना. पहिला दिवस पहारी वाकवण्यात गेला. दुसऱ्या दिवशी जॅक लावले, एक जॅक फुटला. टोळीतली माणसं घाम पुसत शिव्या देत होती. कोण म्हणालं हा पोकळ दगड, ह्याची पोकळी दाखवा आम्हाला. दोन्ही बाजूंना गाड्या तुंबल्या, आणि टकटक्यांच्या सात पिढ्यांचा बारा वर्षांनी पुन्हा उद्धार झाला. टकटके पलीकडच्या कडेला उभे होते. तिसऱ्या दिवशी छिद्रं पाडून, पाचरी मारून मारून शेवटी दगडाचे दोन तुकडे केले आणि ते लोखंडी दोरांनी थांब्याला चुकवून बाजूला ओढले तेव्हा तो निघाला. पडल्याचा आवाज त्यांना पोटात कळला.

धूळ बसल्यावर ते जवळ गेले. दगड मधोमध उलला होता. आत पिवळं काही नव्हतं. तांबूस कड नव्हती, केसाएवढं मूळ नव्हतं, पाण्याचा डागही नव्हता. निळाकाळा, घट्ट, नुकताच घडवल्यासारखा ताजा दगड. त्यांनी बोट फिरवलं तर धार लागली. बाहेरच्या अंगावर एकतीस वर्षांच्या रंगाचे थर चढलेला सत्तेचाळीसचा आकडा होता. चारचा अंक एका तुकड्यावर, सातचा दुसऱ्यावर.

त्यांनी ठणठणीत थोरला फोडायला लावला होता.

घरी आल्यावर ते न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले. बायको खड्ड्यात वाळू भरत होती.

"तू तर बद्द म्हणालीस," ते म्हणाले.

"मला वाटला बद्द. थोडासा."

"थोडासा?"

तिने थापी खाली ठेवली. "आणि नसता वाटला, तरी तेच सांगितलं असतं. ठण्ण म्हटलं असतं तर गेला असता तुम्ही त्या मॅडमच्या खोलीत? खरं सांगा."

टकटक्यांना राग आला. एवढा राग त्यांना कितीतरी वर्षांत आला नव्हता. सोन्यासारखा दगड! ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. बोलण्यासारखं सगळं तिनेच बोलून टाकलं होतं. शेवटी ते खाली बसले आणि तिने भरलेली वाळू हाताने दाबू लागले.

मॅडमनी त्यांना भांडारात हलकं काम दिलं. स्टुलावर बसून फावडी मोजायची. टकटके तिथे दीड दिवस टिकले. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम कड्याच्या माथ्यावर आल्या तर हे दोराच्या खुंटीपाशी उभे. मॅडम वही त्यांच्या हातात देऊन म्हणाल्या, "लिहिणार तरी नीट ना?"

उतरणार होता दोरवाला. त्याच्या दोराला आता टोळीतले दोघं होते. खाली जाण्याआधी त्याने खिशातून सुतळीचं बंडल काढलं, एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं आणि दुसरं, काही न विचारता, टकटक्यांच्या मनगटाला.

"मी खालून ओरडत बसणार नाही," तो म्हणाला. "एक हिसका म्हणजे ठणठणीत. दोन म्हणजे पोकळ. बरोबर लिही."

एवढे दिवस अबोला धरलेला माणूस हे बोलला आणि कड्याखाली उतरून दिसेनासा झाला.

पहिल्या तीन दिवसांत आठ नंबर पोकळ निघाले. बारा, तीस, छत्तीस... टकटके प्रत्येक नंबर वहीत लिहायचे, आणि शेजारी उघडून ठेवलेल्या मागच्या चार खेपांच्या वह्यांत त्याच नंबरासमोर, स्वतःच्याच वळणदार अक्षरात ठणठणीत, ठणठणीत, ठणठणीत, ठणठणीत. आठही वेळा मान खाली गेली. मॅडम बघून न बघितल्यासारखं करत.

चौथ्या दिवशी सकाळी दोरवाला थांब्याच्या वर पोचला. थोरल्याच्या जागी कड्याला मोठं भगदाड पडलं होतं, दात पडल्यासारखं. खाली थांब्याभोवती दोरी बांधली होती, तरी दोन बाया दोरी ओलांडून बाकावर सावलीला बसल्या होत्या. शेजारी पिशव्या. एक दुसरीला काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. रस्त्यावरचा पहारेकरी लांब होता, त्याचं लक्ष गाड्यांकडे.

पन्नास नंबर. एक हिसका. टकटक्यांनी लिहिलं.

एक्कावन्न. शेंडेफळ.

सुतळी सैल होती. मग ताणली गेली. टकटके वाट बघत राहिले. दोरवाला पुन्हा वाजवत असावा, तिसऱ्यांदा वाजवत असावा. त्यांना ऐकू काहीच आलं नाही, आलं ते मनगटाला. एक हिसका.

आणि मग, अगदी हळू, दुसरा.

टकटक्यांनी वही खाली टाकली, लाल निशाण उचललं आणि पुढे होऊन दोन्ही हातांनी जोरजोरात हलवलं. खाली पहारेकऱ्याने वर पाहिलं, शिट्टी तोंडाला लावली. शिट्टीचा आवाज त्यांच्या जगातून कधीच गेला होता. पण त्या दोघी दचकलेल्या दिसल्या, उठलेल्या दिसल्या, पिशव्या छातीशी धरून पळत रस्ता ओलांडून पलीकडे उन्हात उभ्या राहिलेल्या दिसल्या. तिथून दोघी वर बघत होत्या.

टकटक्यांनी वही उचलली, धूळ झटकली, एक्कावन्नसमोर 'पोकळ' लिहिलं. मग 'कळलं' एवढं सांगायला सुतळी एकदा हलकेच ओढली, आणि खालून पुढच्या दगडाचा हिसका यायची वाट बघत उभे राहिले.